स्त्रीवादी कोणास म्हणावे? : नाटे बंदर ते शारदासदन

राजापूरची खाडी जेथे समुद्राला मिळते, तेथे दक्षिण तीरावर जैतापूर आणि उत्तर तीरावर नाटे अशी दोन गावे समोरासमोर आहेत. नाट्याच्या बाजूला खाडीवर नजर ठेवून असलेला यशवंतगड पडक्या स्थितीत का होईना, अजून उभा आहे. पलीकडे आंबोळगड आणि मुसाकाजीचे जुने बंदर. गावाची साखरी नाटे ही वस्ती मच्छीमारांची, बहुतांशी मुसलमान दर्यावर्दींची. होड्या पहाटे किनाऱ्याला लागतात, लिलाव होतो, बर्फ फोडला जातो आणि मग मासळी वेगवेगळ्या हातांत जाते. या हातांपैकी निम्मे हात बायकांचे असतात. मासळी निवडणे, कोलंबी सोलणे, सुकटीसाठी वाळत घालणे, पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांतून फिरणे, बाजारात वाटे लावून बसणे ही सारी कामे त्यांची. जाळे पुरुषाचे व बाजार बाईचा, अशी कोकण किनाऱ्यावरची जुनी वाटणी आहे.

या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते १८ एप्रिल २०११ रोजी. जैतापूरच्या दक्षिणेला माडबनच्या पठारावर ९,९०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प योजला होता. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या गावांतील सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी संपादन करण्यात आली. नाट्याची जमीन त्यात गेली नव्हती. गेला असता तो समुद्र. प्रकल्पातून बाहेर पडणारे गरम पाणी खाडीच्या मुखाशी आले तर मासळी दूर जाईल, ही मच्छीमारांची भीती होती. त्याच वर्षी ११ मार्चला जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि भीतीला चेहरा मिळाला. १८ एप्रिलच्या आंदोलनात नाटे येथे पोलिसांनी गोळीबार केला व एक मच्छीमार तरुण मृत्युमुखी पडला. २०१० च्या अखेरीस झालेल्या जेलभरोपासून या लढ्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. शेतकरी कुटुंबांतील हिंदू स्त्रिया आणि नाट्याच्या मुसलमान मच्छीमार स्त्रिया एका मोर्चात चालल्या, ही गोष्ट कोकणात रोज घडणारी नव्हे.

त्या दिवसांतील बातम्यांत या स्त्रियांना 'मच्छीमार महिला', 'आंदोलक महिला', 'प्रकल्पग्रस्त महिला' अशी नावे मिळाली. 'स्त्रीवादी' असे त्यांना कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात आले नाही. त्यांनीही स्वतःला तसे म्हणवून घेतले नसावे. स्त्रीवाद म्हटले की ज्यांची आठवण होते त्यांना नाटे आठवत नाही, आणि नाट्याच्या बायांना तो शब्द आठवत नाही. असे का झाले, याचा शोध घेऊ गेल्यास आपल्याला रत्नागिरी जिल्ह्यातूनच फार मागे जावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही तो प्रयत्न केला आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठीत 'वाद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तत्त्वविचाराचा, दुसरा भांडणाचा. मार्क्सवाद म्हटल्यावर आपल्याला पहिला अर्थ सुचतो. स्त्रीवाद म्हटल्यावर मात्र दुसरा. 'स्त्रीवादी' म्हणजे वाद घालणारी बाई, उलट बोलणारी सून, नवऱ्याला सोडून आलेली मुलगी, अशी एक प्रतिमा या शब्दाला चिकटून आहे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर मराठीत रूढ झालेला शब्द 'स्त्रीमुक्ती' हा होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना स्थापन झाली व १९८३ पासून ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक गावोगावी गेले. 'मुक्ती' या शब्दाचीही थट्टा झालीच. मुक्ती कोणापासून? नवऱ्यापासून, की स्वयंपाकापासून? केस कापलेल्या, बिनबाह्यांचा पोलका घालणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या शहरी बाईचे व्यंगचित्र दिवाळी अंकांनी वर्षानुवर्षे छापले. 'मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही, पण' अशी सुरुवात करून मुलीच्या शिक्षणाची किंवा हुंड्याची कैफियत मांडणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्या धर्मग्रामांच्या सभांतून आम्ही ऐकल्या आहेत. त्या 'पण' नंतर येणारे सारे बोलणे स्त्रीवादाचेच असते.

अशी व्यंगचित्रे केवळ आपल्याकडचीच नाहीत. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे सौंदर्यस्पर्धेविरुद्ध निदर्शने झाली. निदर्शक स्त्रियांनी उंच टाचांचे जोडे, कृत्रिम पापण्या, कमरपट्टे, अंतर्वस्त्रे, स्त्रियांची मासिके असे सामान एका कचऱ्याच्या पिंपात टाकले. पेटविले काहीच नाही. तरी अंतर्वस्त्रे जाळणाऱ्या बायका ही कथा जगभर गेली आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही ती आपल्याकडील सुशिक्षित माणसे खरी मानून सांगतात. न घडलेल्या गोष्टीने एका चळवळीची ओळख ठरावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे वळू. देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई ही मुलगी आठव्या वर्षी नातूंच्या घरी दिली गेली आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झाली. केशवपन, लाल आलवण, सासरच्या घरातील राबणे हे सारे तिच्या वाट्याला आले. तिचे भाऊ नरहरपंत मुंबईत होते. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईला चौपाटीजवळ शारदासदन सुरू केले तेव्हा नरहरपंतांनी बहिणीला तेथे नेऊन घातले. शारदासदनातील ही पहिली विधवा विद्यार्थिनी. मार्च १८९३ मध्ये भावाचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला व गोदूबाईची आनंदीबाई, पुढे साऱ्यांची 'बाया', झाली. कर्वे दापोली तालुक्यातील मुरूडचे. नवपरिणित जोडपे गावी गेले तर गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे हिंगण्याचे आश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ, अण्णासाहेबांचा भारतरत्न किताब हे सर्व इतिहासात आले. बायाने आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, घरची तंगी सोसली आणि संसाराचा पैसा संस्थेत घालणाऱ्या नवऱ्याशी भांडणही केले. हे सारे तिने 'माझे पुराण' या आत्मकथनात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत कर्व्यांवर धडे असतात. बाया त्या धड्यात एखाद्या वाक्यापुरती येते, ती 'त्यांनी एका विधवेशी विवाह केला' या वाक्यातली विधवा म्हणून. त्या विवाहाला होकार देऊन गावाचा बहिष्कार अंगावर घेणारी बाई स्त्रीवादी होती की नाही, हा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारीत नाही.

बायाला अक्षरओळख करून देणाऱ्या रमाबाईंची गोष्ट तर आम्हा ख्रिस्ती वाचकांना विशेष विचारात टाकणारी आहे. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षिका हव्यात अशी साक्ष देणाऱ्या रमाबाईंवर महाराष्ट्र लोभावला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तोच महाराष्ट्र त्यांच्यापासून दूर झाला. १८९३ मध्ये शारदासदनातील काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. यानंतर जवळजवळ पाऊण शतक मराठी सुधारणेच्या इतिहासात रमाबाईंचे नाव दबक्या आवाजात घेतले गेले. मीरा कोसंबी यांच्यासारख्या विदुषींनी विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे लेखन पुन्हा पुढे आणले तेव्हा कोठे त्यांना स्त्रीवादाच्या इतिहासात मानाची जागा मिळाली.

येथे थांबून सारा दोष सनातन्यांच्या पदरी टाकणे आम्हांला सोयीचे झाले असते. परंतु रमाबाईंना चर्चच्या अधिकाऱ्यांनीही कमी छळले नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी इंग्रज तरुणांना संस्कृत शिकवावे असा प्रस्ताव १८८५ साली निघाला, तर मुंबई व लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातील स्त्रीने पुरुषांना शिकविणे त्यांना योग्य वाटले नाही. ज्या देशात ही बाई शास्त्रीपंडितांच्या सभेत बोलून 'सरस्वती' ही पदवी घेऊन आली होती, त्या देशाच्या नावाने ही हरकत होती. आपल्या गुरुभगिनीशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात आज्ञाधारकपणा आणि सदसद्विवेक यांतील सीमारेषा कोठे आहे यावर त्या शेवटपर्यंत हटून राहिल्या. हिंदूंनी त्यांना फार ख्रिस्ती म्हणून नाकारले, चर्चने पुरेशा नम्र नाहीत म्हणून बोल लावला. त्या कॅथलिक नव्हत्या, म्हणून हा वाद आपला नव्हे असे म्हणता येईल. आम्ही तसे म्हणणार नाही.

रमाबाई हंटर आयोगापुढे बोलल्या त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध पुण्यात छापला गेला. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली. त्यानंतर तो विस्मरणात गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केला तेव्हा मराठी वाचकांना कळले की आपल्याकडे असे काही लिहिले गेले होते. स्त्रीवाद पश्चिमेकडून आला असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एवढा उल्लेख पुरे.

१८ एप्रिल ही तारीख पुन्हा एकदा घेऊ, पण वर्ष १९६६. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने त्या दिवशी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, अशी त्यांची मागणी होती. अवघ्या सातजणी. त्या काळात एवढ्या जमवणे हेच मोठे काम होते. दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले व १९७७ मध्ये वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच ते निवर्तले. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी ते काम पुढे चालू ठेवले व 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने तोंडी तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे मोर्चानंतर ५१ वर्षांनी. दलवाईंचे नाव आज आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तो मोर्चा 'हमीद दलवाईंचा मोर्चा' म्हणून ओळखला जातो. चालल्या त्या सात स्त्रिया. त्यांतल्या किती जणींची नावे सुशिक्षित मराठी माणसाला येतात? समाजाकडून निंदा, घरातून विरोध आणि रस्त्यावर बघ्यांची गर्दी यांतून त्या चालत गेल्या. नाट्याच्या बायांप्रमाणे त्याही एका संख्येत जमा झाल्या आहेत.

पुरुष स्त्रीवादी असू शकतो का, हा प्रश्न येथे आपोआप येतो. आमच्या मते असू शकतो, आणि रत्नागिरी जिल्ह्याने त्याचे दाखले दिले आहेत. दलवाई हे एक. दुसरे अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि या कामापायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकाची नोकरी गमावली. त्यांचा मार्ग आमच्या श्रद्धेला मान्य होणारा नाही आणि तसे स्पष्ट म्हणण्यात आम्हांला संकोच नाही. तथापि वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बाईचे दुःख त्यांना दिसले आणि आपल्यातील अनेक धर्मनिष्ठांना ते दिसले नव्हते, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांच्या संसाराचा खर्च मोठ्या अंशी पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चालला, ही गोष्टही सांगण्याजोगी.

रत्नागिरीतील आणखी एक नाव या विषयात टाळता येत नाही. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावातील त्यांची आई बांबूची आयदाने विणून घर चालवीत असे. गावच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगरघाटी चढउतार करीत रत्नागिरीच्या बाजारात जात. नाट्याच्या मासळीवालीची पाटी आणि फणसवळ्याच्या बाईचा भारा यांत वजनाचा फरक असेल, वाटेचा नाही. पवारांनी त्याआधी मीनाक्षी मून यांच्यासह 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन तो लिहिला गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती व सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या. त्या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा व बहुपत्नीत्वाला बंदी असावी असे ठराव केले. महिला वर्षाच्या आधी ३३ वर्षे! तरीही स्त्रीमुक्तीचा मराठी इतिहास सांगताना पुष्कळजण १९७५ पासून सुरुवात करतात. शहरी महिला संघटनांत जातीचा प्रश्न बोलला जात नाही आणि दलित संघटनांत बाईचा प्रश्न बोलला जात नाही, ही दुहेरी कोंडी पवारांनी मोकळेपणाने मांडली. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये हाच धागा पकडून अभ्यासकांच्या दालनात मोठी चर्चा घडवून आणली.

तेव्हा 'स्त्रीवादी कोण' हे ठरविण्याची सत्ता फार काळ एका लहान वर्तुळाच्या हाती होती, असे म्हणणे भाग आहे. हे म्हणताना त्या वर्तुळाने केलेले काम नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. मथुरा प्रकरणाच्या निकालानंतर १९८० साली रस्त्यावर आल्या त्या शहरी स्त्रियाच होत्या. विद्या बाळ यांनी १९८९ पासून 'मिळून साऱ्याजणी' चालवले आणि कितीतरी घरांतल्या बायांना लिहिते केले. पण त्याच काळात, नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखोंच्या संख्येने खेड्यांतील स्त्रिया जमल्या. पुढे शरद जोशींच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. त्या स्त्रियांना स्त्रीवादी म्हणावे की शेतकरी, यावर पुण्यामुंबईच्या व्यासपीठांवर काथ्याकूट चालला होता. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर चढले तिला या चर्चेचे फारसे सोयरसुतक नसावे. १९७२ च्या लाटणे मोर्चातील मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांचेही असेच. त्या समाजवादी आणि साम्यवादी म्हणून ओळखल्या गेल्या. रॉकेल आणि तेलाच्या भावासाठी भांडणारी बाई स्त्रीवादी ठरत नाही, असा एक अलिखित नियम जणू होता.

हा नियम नाट्याला लावून पाहा. समुद्र वाचविण्यासाठी बाहेर पडलेली बाई पर्यावरणवादी ठरते, उपजीविकेसाठी भांडणारी ठरते, कोणाच्या तरी राजकारणाला बळी पडलेलीही ठरविली जाते. पण मासळी कमी झाली तर पहिली झळ कोणाला? ट्रॉलरवरचा खलाशी दुसऱ्या बंदरावर जाऊ शकतो. पाटीवालीची गिऱ्हाइके तिच्या पायांच्या टप्प्यात असतात. तिला दुसरे बंदर नाही. नुकसानभरपाईची यादी होते तेव्हा जमिनीचा मालक, होडीचा मालक, जाळ्याचा मालक यांची नोंद होते. सोलणारी, सुकविणारी, विकणारी बाई कोणत्या रकान्यात बसवायची हे सरकारी कागदाला सहसा ठाऊक नसते. घरकाम, एवढेच तिच्या पुढे लिहिले जाते. कामाची नोंद नाही म्हणून भरपाई नाही आणि भरपाई नाही म्हणून चर्चेच्या टेबलाशी खुर्ची नाही. ही साखळी ओळखून रस्त्यावर उतरणे यालाच आम्ही स्त्रीवादाचे काम समजतो, मग ते करणारीने डोक्यावर ओढणी घेतलेली असो वा पदर. केरळात १९८४ च्या मच्छीमार आंदोलनात फादर थॉमस कोचेरींसोबत सिस्टर अॅलिस या धर्मभगिनी उपोषणाला बसल्या होत्या. त्यांनाही त्या वेळी कोणी स्त्रीवादी म्हटले नव्हते. कम्युनिस्ट मात्र म्हटले.

आता आपल्या घराकडे. रत्नागिरी जिल्हा २००५ साली निर्माण झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. तेथे आपली संख्या थोडी. वसई, मुंबई, पुणे येथे आपण अधिक. पण स्त्रीवाद या शब्दाची धास्ती सर्वत्र सारखी. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मार खाणाऱ्या बाईला कायदा सांगे की नवरा केवळ मारतो एवढे पुरेसे नाही, तो व्यभिचारीही असला पाहिजे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाविरोधी ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. विवाह अविच्छेद्य आहे ही आपली श्रद्धा आहे, तिला या बदलाने बाधा येत नाही. परंतु पती आणि पत्नी यांना एकच माप लावावे, ही मागणी श्रद्धेच्या विरुद्ध कशी? चर्चच्या प्रतिनिधींनी आणि महिला संघटनांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले म्हणून तो बदल झाला. तोपर्यंत न्यायालयाची पायरी चढलेल्या आपल्या भगिनींना 'स्त्रीमुक्तीवाली' हे विशेषण शिवीसारखे ऐकावे लागले.

वारशाचीही तीच गत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये मिळाला, त्याच्या कितीतरी आधी. मग वसईच्या वाड्यांत किती बहिणींनी तो घेतला? वडील गेले की हक्कसोडपत्र होते, बहीण सही करते, भाऊ नाताळला साडी देतो. सही न करणारी बहीण माहेरला मुकते. कायदा शंभर वर्षांचा झाला. सह्या चालूच आहेत.

फ्लेव्हिया अॅग्नेस यांचे नाव या संदर्भात घेतले पाहिजे. आपल्या वैवाहिक आयुष्यातील मारहाणीविषयी त्यांनी स्वतः लिहिले, त्यातून बाहेर पडून वकिली शिकल्या आणि मुंबईत 'मजलिस' ही कायदेविषयक संस्था उभी केली. १९९४ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी स्त्रीचळवळीलाच आरसा दाखवला. शक्ती, दुर्गा, काली ही प्रतीके आपली सर्वांची म्हणून वापरताना त्यात ख्रिस्ती आणि मुसलमान बाई कोठे बसते, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे चर्चच्या अंगणात ती फार स्त्रीवादी आणि स्त्रीवादाच्या अंगणात ती फार ख्रिस्ती. रमाबाईंची कहाणी शंभर वर्षांनी वेगळ्या वेशात समोर आली.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ जून १९९५ रोजी, बीजिंगच्या महिला परिषदेच्या तोंडावर, जगातील स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले. स्त्रियांच्या अवहेलनेत चर्चच्या लेकरांचा वाटा असल्यास त्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. त्याच पत्रात, स्त्रीच्या हक्कांसाठी झटणे हे बाईपणाला न शोभणारे, मिरवण्याचे, इतकेच नव्हे तर पाप समजले जाई अशा काळात ज्या स्त्रियांनी ते काम केले त्यांचे त्यांनी कौतुक केले आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये निघालेल्या 'एव्हांजेलियुम व्हितै' या परिपत्रात त्यांनी नव्या स्त्रीवादाची हाक दिली. पुरुषी वर्चस्वाची नक्कल न करणारा स्त्रीवाद, असा त्याचा आशय. या हाकेवरही मतभेद आहेत. स्त्रीच्या 'खास देणगी'चे गुणगान करताना तिला पुन्हा घरातच बसविले जाते, असा आक्षेप अनेक धर्मभगिनींनीही घेतला आहे व तो आम्हांला निराधार वाटत नाही. तरी 'स्त्रीवाद' हा शब्द पोपमहोदयांना उच्चारता आला, मग आपल्या धर्मग्रामाच्या सभेत तो उच्चारताना घसा का कोरडा पडावा? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्रीपुरुष समतेचे धोरणही प्रसिद्ध केले. ते किती धर्मग्रामांत वाचले गेले याची चौकशी वाचकांनी आपापल्या ठिकाणी करून पाहावी.

शुभवर्तमानात लूक सांगतो की प्रभू गावोगावी फिरत असता मग्दलेना मारिया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया त्याच्यासोबत होत्या व आपल्या पैशाने त्या साऱ्यांचा खर्च चालवीत होत्या. तीन नावे आणि 'इतर पुष्कळ'. पुनरुत्थानाची पहिली वार्ता प्रेषितांना देणाऱ्या मारियेचा स्मरणदिन चर्चने सणाच्या दर्जाला नेला तो २०१६ मध्ये.

माडबनचा प्रकल्प अद्याप उभा राहिलेला नाही. फ्रेंच कंपनी बदलली, वाटाघाटी चालू आहेत, जमीन कुंपणात आहे. नाट्याच्या बंदरावर लिलाव होतो आणि मासळीच्या पाट्या आतल्या गावांकडे निघतात.